अंगणातला तेलाचा डाग : जुन्या मोटारीची गळती आणि तिचा इतिहास

१/१२
जुन्या मोटारीखाली पडलेला इंजिन ऑइलचा डाग सहसा मालकाच्या निष्काळजीपणाची खूण मानला जातो. महाराष्ट्रात अजून टिकून असलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत मात्र त्या डागामागे जवळपास नव्वद वर्षांचा औद्योगिक इतिहास आहे. इटलीतील तुरिन, मुंबईतील कुर्ला आणि राहुरीसारख्या तालुक्याच्या गावातील अंगण ही तीन ठिकाणे त्या डागाने जोडली जातात. गळती घरच्या घरी नेमकी शोधायची असेल, तर हा इतिहास थेट उपयोगी पडतो.

२/१२
मोटारयुगाच्या आरंभी इंजिनातून तेल गळणे हा दोष समजला जात नसे. अनेक आरंभीच्या इंजिनांत तेल थेंबाथेंबाने सोडले जाई, ते काही अंशी जळे, काही अंशी रस्त्यावर सांडे आणि चालक ते पुन्हा भरत असे. पुढे इंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी आली, जिला आपले मेकॅनिक ‘चेंबर’ म्हणतात. तेच तेल पंपाने पुन्हापुन्हा फिरू लागले. तेल आत राखण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा निर्माण झाला.

३/१२
दोन स्थिर भागांच्या सांध्यात कागद किंवा बुचाचे पॅकिंग घालून भागत असे. फिरणाऱ्या दांड्याभोवती तेल अडवणे अवघड होते. त्यासाठी ग्रॅफाइट लावलेला दोर, चामड्याची कडी, तेल मागे ढकलणारे आटे असे उपाय योजले गेले. जर्मनीतील वाइनहाइम येथील फ्रॉयडेनबर्ग ही मुळात चामडे कमावणारी पेढी. तिने १९३०च्या दशकात फिरत्या दांड्यासाठी ओठाच्या आकाराचे सील बाजारात आणले, आणि त्याच दशकात चामड्याची जागा कृत्रिम रबर घेऊ लागले. आजचे ‘ऑइल सील’ हे त्याचेच वंशज.

४/१२
या काळात भारतात मोटारी बनत नव्हत्या, जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. स्वातंत्र्यानंतर सुटे भाग देशातच घडवण्याची अट आली. ती न मानणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली येथील काम थांबवले. प्रीमियरने फियाटशी करार करून उत्पादन चालू ठेवले.

५/१२
फियाटची ११०० डी ही मोटार इटलीत १९६२ साली आली आणि १९६६ मध्ये तिथे तिची जागा पुढच्या मॉडेलने घेतली. कुर्ल्यात ती १९६४ पासून बनू लागली, पुढे तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि २००० सालच्या आसपासपर्यंत तिचे उत्पादन चालले. तिच्या १०८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे कुळ त्याहून जुने, १९३७ सालच्या फियाट ५०८ सीपर्यंत पोचणारे आहे. परवाना व्यवस्थेत स्पर्धाच नसल्याने आराखडा बदलण्याची निकड भासली नाही. १९९०च्या दशकात विकत घेतलेल्या गाडीतही सांधे जुन्याच काळातले राहिले.

६/१२
राहुरी हे नगर-मनमाड रस्त्यावरचे, मुळा नदीकाठचे गाव. साखर कारखाना, १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आणि मुळा धरणाचे पाणी यांनी या तालुक्याचे अर्थकारण बदलले. अशा बागायती पट्ट्यात ‘इंजिन’ म्हटले की आधी विहिरीवरचे ऑइल इंजिन डोळ्यांसमोर येई. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला सुरू झाली होती. पॅकिंग कापणे, नट क्रमाने आवळणे, तेलाची पातळी पट्टीवर पाहणे ही कामे मोटार येण्याआधीच शेतकऱ्याच्या हाताला ओळखीची होती. मोटारीची गळती घरी शोधण्याचे बळ या सवयीतून येते.

७/१२
शोधाची पहिली पायरी म्हणजे द्रव ओळखणे. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा आणि चाकांच्या जागा त्यावर खुणावून ठेवाव्यात. पुढच्या भागाखाली तपकिरी किंवा काळा, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग इंजिन ऑइलचा. मध्यभागी किंवा मागच्या आसाखाली पडलेले दाट, उग्र वासाचे तेल गिअरबॉक्सचे किंवा डिफरन्शियलचे, कारण पद्मिनी मागच्या चाकांवर चालते. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची असू शकते. तशी शंका आल्यास गाडी चालवूच नये.

८/१२
दुसरी पायरी साफसफाईची. वर्षानुवर्षांच्या काळ्या थराखाली ताजी गळती दिसत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची तार सोडवावी, डिस्ट्रिब्युटर झाकावा आणि रॉकेल व ब्रशने थर काढावा. मग साबणपाण्याने धुऊन सारे कोरडे करावे, रॉकेलचा अंश उरू देऊ नये. कोरड्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली की ताजे तेल रेघेसारखे उमटते. त्यानंतर गाडी काही किलोमीटर चालवून आणावी व बंद करून पाहावी. तेल उतारावरून खाली येते आणि पंख्याचा वारा त्याला मागे लोटतो. म्हणून थेंब पडतो ती जागा हा शेवट असतो. सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा हाच उगम.

९/१२
संशयितांची तपासणीही वरून खालीच करावी. प्रथम टॅपेट कव्हरचे पॅकिंग. ते बुचाचे असल्यास महिनोन्महिने उभ्या गाडीत सुकून आकसते. नंतर पेट्रोल पंपाची बैठक, डिस्ट्रिब्युटरचे बूड, ऑइल प्रेशरचा स्विच आणि फिल्टरचा सांधा. पुढे पुलीमागचे टायमिंग कव्हरचे सील, तळाशी चेंबरचे पॅकिंग आणि ड्रेन नटचा वायसर. वरची एक गळती खालचे चार सांधे ओले करते. त्यामुळे चेंबरवर ठपका ठेवून तोच उघडण्याची चूक फार होते.

१०/१२
नवे सील घालूनही गळती परत आली, तर ब्रीदर तपासावा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली निसटतो आणि त्याला वाट द्यावी लागते. पूर्वी हा धूर नळीने थेट हवेत सोडला जाई. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत प्रदूषणाच्या कारणाने तो पुन्हा इंजिनात घेऊन जाळण्याची पद्धत रूढ झाली. वाट कोणतीही असो, नळी काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल सर्वांत दुबळ्या सांध्यातून बाहेर येते. ब्रीदर मोकळा असूनही तेल भरण्याच्या तोंडातून धूर जोराने येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. मग पॅकिंग बदलून भागणार नाही.

११/१२
इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधून थेंब पडत असेल, तर संशय क्रँकच्या मागच्या सीलवर जातो. आराखड्याचे वय येथे सर्वांत स्पष्ट दिसते. ॲम्बॅसडरमध्ये वापरलेल्या बीएमसीच्या १४८९ सीसी इंजिनात तर या जागी रबरी सील नव्हतेच, तेल मागे ढकलणारे आटे होते. इंजिन थांबले की आट्यांचे कामही थांबे. असा एखादा थेंब सोसून तेलाची पातळी पाहत राहणे कधीकधी शहाणपणाचे ठरते, कारण या दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेंबरचे नट जादा आवळले तर भोकांपाशी पत्रा फुगतो आणि गळती वाढते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम घोड्या हव्यातच.

१२/१२
मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांची मर्यादा संपल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या आणि त्यांच्यावर हात बसलेल्या मेकॅनिकांचे रोजचे कामही गेले. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून वाढवता येते, म्हणून उरलेल्या पद्मिनी आता घरोघरच्या आहेत. त्यांच्या गळतीत इंजिन तर पणाला लागतेच. तेल खुणेखाली गेले की बेअरिंग कोरडी पडतात, आणि ऑइलचा लाल दिवा लागल्यावर इंजिन तत्काळ बंद करावे लागते. जमीनही पणाला लागते. वापरलेले इंजिन ऑइल आपल्या नियमांत घातक कचऱ्यात मोडते, आणि बागायती गावात अंगण, चारी आणि विहीर यांत फारसे अंतर नसते. म्हणून गळती सापडेपर्यंत गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवावा. जमलेले तेल गटारात किंवा बांधावर न ओतता डब्यात साठवून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.