अध्यापकवर्ग आणि अध्यापनाचा परवाना

पदवीचा अभ्यास चालू असतांनाच अध्यापनकलेचें शिक्षण द्यावें, कीं पदवी पदरीं पडल्यावर तें निराळें द्यावें, हा प्रश्न २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पुन्हां पुढें आणिला आहे. विषयाची पदवी व अध्यापनाची पात्रता चार वर्षांत एकत्र देणारा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरूही झाला. ही कल्पना सर्वस्वीं नवी आहे, असा समज आढळतो. तो निराधार आहे; शिवाय जुन्या प्रयत्नांकडे पाहिल्यास नव्या योजनेचें मर्म कोठें आहे हेंही कळतें, असें आमचें मत आहे.

ज्ञान व अध्यापन हीं दोन भिन्न सामर्थ्यें होत, हा विचार आपल्याकडे जुना आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकांत गणदास व हरदत्त ह्या नाट्याचार्यांपैकीं श्रेष्ठ कोण, असा वाद उपस्थित होतो. निवाडा पंडिता कौशिकीकडे येतो. ती आचार्यांची तोंडी परीक्षा घेत नाहीं. त्यांच्या शिष्यांचा प्रयोग पाहूं इच्छिते. राजास मालविका दिसावी हा त्यामागें डाव आहे, हें खरें. तथापि तेवढ्यानें ती कसोटी खोटी ठरत नाहीं.

महाराष्ट्रांत ह्या दोन सामर्थ्यांचा संगम एका व्यक्तीच्या ठायीं झालेला दिसतो. बाळशास्त्री जांभेकर १८३४ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें असिस्टंट प्रोफेसर झाले. १८४५ सालीं अध्यापकवर्गाचें, म्हणजे ‘नॉर्मल क्लास’चें, चालकत्व त्यांजकडे आलें. मराठी शाळांसाठीं शिक्षक तयार करणें हा त्या वर्गाचा उद्देश. त्याच वर्षीं त्यांनीं संपादिलेली ज्ञानेश्वरी शिळाछापावर निघाली. ग्रंथाचे पाठ तपासणारा आणि भावी पंतोजींस धडे देणारा पुरुष एकच होता, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेस अद्यापि बारा वर्षें अवकाश होता; तेव्हां त्या वर्गास पदवीसह प्रशिक्षण म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु विद्या व अध्यापन यांच्यामध्यें भिंत पडली नव्हती. दुर्दैवानें १८४६ च्या मे महिन्यांत बाळशास्त्री वारले.

पुढें भिंत पडली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें अध्यापनशाळा व प्रमाणपत्रें यांचा पुरस्कार केला. १८८२ च्या हंटर कमिशननें, माध्यमिक शाळेंत कायम नेमणूक व्हावयाची तर अध्यापनाच्या तत्त्वांची व व्यवहाराची परीक्षा उतरली पाहिजे, अशी शिफारस केली. १९०६ सालीं मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालें. आधीं पदवी, मग प्रशिक्षण, असा क्रम रूढ झाला. त्यास विरोधी मतही होतें. १९१९ च्या सॅडलर कमिशनच्या अहवालांत शिक्षणशास्त्र हा विषय पदवीच्या अभ्यासांतच घालण्याची सूचना आहे. चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम कुरुक्षेत्र येथें १९६० सालीं, व पुढें अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक महाविद्यालयांत निघाला. तथापि सर्वत्र रूढ राहिला तो जुनाच क्रम.

ह्या क्रमाचें फळ आम्हीं स्वतः भोगिलें आहे. संस्कृतची एम्. ए. घेऊन आम्ही एका शाळेंत रुजू झालों, तेव्हां आठवीच्या वर्गास समास शिकविण्याचें काम आलें. अर्धा तास आम्ही पाणिनीच्या आधारें बोललों. शेवटीं एका मुलानें तत्पुरुषाची व्याख्या बिनचूक म्हणून दाखविली. ‘राजपुत्र’ शब्दाचा विग्रह मात्र त्यास करतां येईना. आमची विद्या खोटी नव्हती. ती त्या मुलापर्यंत पोंचली नव्हती. नंतर आम्हीं बी. एड्. केलें. तेथें सरावपाठांच्या वहींत टांचणें सुबक लागत. निरीक्षक पाठ संपण्यापूर्वींच सही करून दुसऱ्या वर्गावर जात. प्रमाणपत्र मिळालें. आम्हांस शिकवितां येतें कीं नाहीं, हें मात्र कोणीच पाहिलें नव्हतें. तें पुढें मुलांनींच हळूहळू शिकविलें. पण पहिल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांचें आम्ही देणें लागतों.

१९९३ च्या कायद्यानें राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेस वैधानिक अधिकार मिळाले. २०१० पासून पहिली ते आठवीच्या नेमणुकीस पात्रता-परीक्षा आवश्यक झाली. महाराष्ट्रांत ती प्रथम २०१३ सालीं झाली. ह्या परीक्षेच्या एका पत्रिकेंत १५० प्रश्न, वेळ १५० मिनिटें, व सर्वसाधारण उमेदवारास उत्तीर्ण होण्यास शेंकडा ६० गुण. अशा परीक्षेनें अगदींच अपात्र मनुष्य गाळला जात असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्या १५० मिनिटांत उमेदवारासमोर एकही मूल नसतें.

सारांश, चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आम्हांस इष्ट वाटतो. विषय ताजा असतांनाच तो मुलापुढें मांडण्याची संवय लागणें हें हितावह होय. परंतु दोन अभ्यासक्रम एका पत्रिकेवर छापल्यानें त्यांचा संगम होत नाहीं. विषयाचा प्राध्यापक विद्यार्थ्याबरोबर शाळेंत गेला, मागच्या बांकावर शेवटपर्यंत बसला, आणि मुलांच्या उत्तरांवरून पाठाची किंमत ठरवूं लागला, तरच पडलेली भिंत निघेल. परवाना सरकारनें द्यावा; साक्ष मात्र वर्गांतील मुलांची घ्यावी. कौशिकीनें दाखविलेली कसोटी हीच होती, आणि तिच्याहून चांगली कसोटी आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं.