मंगोलियातला झुद आणि आपली वैरण



डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीचे ते दोन दिवस आपल्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असतील. पुणे, नगर भागात अवकाळी पाऊस लागला आणि सोबत बोचरा वारा सुटला. उघड्या रानात वाघरीत बसवलेल्या मेंढ्या रात्रभर भिजल्या. सकाळी पाहावं तर शेकडो मेंढ्या-शेळ्या गारठून मेलेल्या. दुष्काळात जनावर मरतं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलोय. पण थंडीनं एका रात्रीत कळप जातो, हे अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जगात एक देश असा आहे, जिथे या संकटाला स्वतंत्र नावच आहे. देश मंगोलिया आणि शब्द ‘झुद’. आज त्याची गोष्ट सांगणार आहे, कारण तिच्यात आपल्या गटांसाठी एक हिशेब दडलेला आहे.

मंगोलिया चीन आणि रशियाच्या मधोमध. माणसं साधारण ३५ लाख, आणि जनावरं त्यांच्या पंधरा-वीस पट. मेंढ्या, शेळ्या, घोडे, गाई-याक आणि उंट ही त्यांची पाच प्रकारची जनावरं. तिथला पशुपालक शेती फारशी करत नाही, चाऱ्यामागे फिरतो आणि लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल तंबूत राहतो. त्या तंबूला ‘गेर’ म्हणतात. हिवाळ्यात तापमान शून्याखाली ३० ते ४० अंश जातं.

एवढी थंडी तिथे दरवर्षीच असते, म्हणून नुसत्या थंडीला ते झुद म्हणत नाहीत. थंडीमुळे जनावरांना खायला-प्यायला मिळेना आणि ती मरायला लागली की तो झुद. बर्फ इतका खोल पडला की तोंड गवतापर्यंत पोचत नाही, तो पांढरा झुद. बर्फ थोडा वितळून पुन्हा गोठला आणि गवतावर काचेसारखा कडक थर बसला, तो लोखंडी झुद. आणि बर्फ पडलाच नाही, त्यामुळे हिवाळ्यात प्यायला पाणीच नाही, तो काळा झुद.

जुन्या पशुपालकांना एक गोष्ट पक्की माहीत होती. हिवाळ्याची तयारी उन्हाळ्यात करायची. त्यांचा उन्हाळा म्हणजे त्यांचा पावसाचा आणि गवताचा काळ. तेव्हा गवत कापून वाळवायचं. शरद ऋतूत कळप लांबच्या कुरणांवर नेऊन जनावरांच्या अंगावर मांस-चरबी चढवायची. थंडीचा मुक्काम डोंगराच्या आडोशाला, दक्षिणेकडे तोंड करून टाकायचा. त्या जागेचं गवत वर्षभर राखून ठेवायचं. गोठ्यात खाली वाळलेल्या लेंड्यांचा जाड थर असतो, म्हणजे गोठलेल्या जमिनीचा गारवा अंगाला लागत नाही. शेण तिथे चुलीलाही लागतं आणि जनावराच्या अंथरुणालाही.

वादळ येणार असं दिसलं की कळप आधीच आत घ्यायचा. मेंढ्या वादळात वाऱ्याकडे पाठ करून चालत सुटतात आणि कोसच्या कोस लांब जातात. एकदा गेल्या की सापडणं अवघड. खोल बर्फात घोडे पुढे सोडतात. घोडा खुरानं बर्फ उकरून गवत काढतो, मागून मेंढ्यांना चरायला मिळतं. गाईला हे उकरणं नीट जमत नाही, म्हणून कापून ठेवलेलं गवत आधी तिला आणि अशक्त जनावरांना.

या कामात बायांचा वाटा मोठा आहे. नवं जन्मलेलं कोकरू पुसून कोरडं करायचं, गेरमध्ये चुलीपाशी आणायचं, त्याला आईचं दूध पाजायचं, गाभण आणि अशक्त जनावराला हातानं चारा घालायचा. आई पिल्लाला जवळ घेईना तर तिला गाऊन, चुचकारून वळवायचं. उंटिणीसाठी अशी गाणी म्हणण्याच्या प्रथेची युनेस्कोनं २०१५ साली जपणूक करण्याजोग्या वारशात नोंद केली आहे.

आता इतिहासाकडे येऊ. १९५० च्या दशकाच्या शेवटापर्यंत मंगोलियातले जवळजवळ सगळे पशुपालक सरकारनं सहकारी मंडळांत आणले होते. त्यात सक्ती होती आणि घरची जनावरं किती ठेवायची यावर मर्यादा होती. तेव्हाही झुद आले. पण मंडळाकडे गवताचे साठे होते, पशुवैद्य होते, कळप हलवायला ट्रक होते. १९९० मध्ये राज्यव्यवस्था बदलली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मंडळं मोडली आणि जनावरं घरोघर वाटली गेली. लोकांना मोकळीक मिळाली, पण गवताचे साठे, डॉक्टर, ट्रक ही व्यवस्था मात्र खिळखिळी झाली. जे आधी सगळ्यांनी मिळून होत होतं, ते आता ज्याचं त्यानं करायचं होतं.

त्याच वेळी कारखाने बंद पडले. शहरातली माणसं पोटासाठी जनावरांकडे वळली. त्यातल्या अनेकांना हिवाळी मुक्कामाची जुनी माहिती नव्हती. पुढे शेळीच्या मऊ लोकरीला, म्हणजे कश्मिरी लोकरीला, चांगला भाव येऊ लागला. १९९० च्या सुमारास देशात ५० लाख शेळ्या होत्या. २००९ पर्यंत त्या २ कोटींच्या आसपास गेल्या. बँका कळपावर कर्ज देऊ लागल्या. जनावरं वाढत गेली, पण साठवलेला चारा त्या मानानं वाढला नाही.

१९९९ ते २००२ असे लागोपाठ तीन हिवाळे झुद आला. एक कोटीहून जास्त जनावरं गेली. त्यातून कळप पुन्हा उभे राहिले, आणि पुन्हा चाऱ्याच्या पुढे गेले. २००९ च्या उन्हाळ्यात पाऊस कमी झाला, गवत नीट आलं नाही, जनावरं हडकुळीच हिवाळ्यात शिरली. मग बर्फ आणि वादळं सुरू झाली. २००९ च्या शेवटी देशात सुमारे ४ कोटी ४० लाख जनावरं होती. वर्षभरानं मोजली तेव्हा ३ कोटी २७ लाख उरली होती. वसंतात बर्फ वितळला आणि जिकडेतिकडे सांगाडे दिसू लागले. ती मेलेली जनावरं पुरायचं काम संयुक्त राष्ट्रांच्या योजनेतून मजुरी देऊन पशुपालकांकडूनच करून घेतलं गेलं. ज्या बाईनं कोकरू मांडीवर घेऊन जगवलं, तिच्या घरच्यांनी मजुरीवर तोच कळप पुरला. कळप गेला तरी कर्ज अंगावर राहिलंच. हजारो कुटुंबं राजधानी उलानबातरच्या कडेला वस्तीला गेली.

वादळ थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. पण किती जनावरं ठेवायची आणि त्यांच्यासाठी किती गवत राखायचं, हे बरंच माणसाच्या हातात होतं. म्हणूनच एकाच वादळात एकाचा कळप तरला आणि दुसऱ्याचा गेला, असंही झालं.

त्यांनी उपायही शोधले. २००६ पासून तिथे एक वेगळा विमा सुरू झाला. एखाद्या तालुक्यात ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त जनावरं मेली की तिथल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई मिळते. एकेका घराची मेलेली जनावरं मोजत बसावं लागत नाही आणि ज्यानं नीट सांभाळली त्याचं नुकसानही होत नाही. अनेक ठिकाणी पशुपालकांनी गट करून कुरण राखणं, गवत एकत्र कापणं सुरू केलं. तरीही २०२३-२४ च्या हिवाळ्यात ७० लाखांहून जास्त जनावरं गेली. म्हणजे गोष्ट अजून संपलेली नाही.

आता आपल्या घरचं बोलू. गटात शेळ्यांसाठी कर्जाचा अर्ज आला की आपण काय विचारतो? किती शेळ्या घेणार, कोणत्या जातीच्या, हप्ता किती, जामीन कोण. मी स्वतः कित्येक अर्ज असेच पुढे पाठवलेत. वैरण किती साठवली आहे, हा प्रश्न मीसुद्धा विचारत नव्हते. आता विचारते.

हिशेब सोपा आहे. साधारण ३० किलोच्या शेळीला बाहेर चरायला काहीच मिळालं नाही, तर रोज किलोभर सुका चारा धरा. दहा शेळ्या आणि शंभर दिवस म्हणजे एक टन. तेवढा कडबा, भुसा, शेंगांचा पाला एकटीला साठवणं जड जातं. दहा जणींनी मिळून सुगीत घेतला, एका कोरड्या जागी गंजी लावली, तर जमतं. हेच काम मंगोलियात मोडून पडलं होतं आणि त्याची किंमत लोकांनी मोजली.

अवकाळी पाऊस आणि गारठा आला तर एवढं लक्षात ठेवा. कोरडं जनावर बरीच थंडी सोसतं, भिजलेलं सोसत नाही. म्हणून आधी डोक्यावर छप्पर आणि वाऱ्याच्या बाजूला बारदान किंवा ताडपत्रीचा आडोसा. दुसऱ्या बाजूनं हवा खेळती ठेवा. खाली भुसा किंवा पाचट टाका आणि ओलं झालं की बदला. संध्याकाळी सुकी वैरण पोटभर घाला, कारण कोटीपोटात वैरण आंबते तेव्हा तयार होणारी ऊब रात्रभर पुरते. पाणी फार गार नको. करडू जन्मलं की लगेच पुसून कोरडं करा आणि पहिल्या तासाभरात चीक पाजा. गाभण, म्हाताऱ्या आणि अशक्त शेळ्या वेगळ्या बांधा, म्हणजे त्यांच्या वाट्याचं दुसऱ्या खाणार नाहीत.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाच्या अर्जावर एक ओळ वाढवा: घरात वैरण किती दिवसांची आहे? उत्तर कमी आलं तर अर्ज नाकारू नका. आधी दोन शेळ्या कमी घ्यायला सांगा आणि त्या पैशाची वैरण भरायला लावा. पुढच्या वर्षी वाढवता येतील.