पुढे ढकललेली विमानदुरुस्ती

विमानात आढळलेला दोष तत्काळ दूर न करता, तो ठरावीक मुदतीत दूर करण्याच्या अटीवर विमान उड्डाणासाठी वापरण्याच्या पद्धतीस पुढे ढकललेली विमानदुरुस्ती असे म्हणतात. वैमानिक व अभियंते अशा दोषाला 'स्नॅग' म्हणतात. ही पद्धत जगभर कायदेशीर असून भारतात तिचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, करते. दुरुस्ती पुढे ढकलली म्हणजे हयगय झाली, हा सर्वसामान्य समज बरोबर नाही. प्रवासी विमानातील बहुतेक महत्त्वाच्या यंत्रणा दुहेरी किंवा तिहेरी असतात व त्यांतील एक बंद असताना दुसरीवर सुरक्षित उड्डाण करता येते. धोका उद्भवतो तो दोषाची नोंद न होणे, तोच दोष पुन्हापुन्हा उद्भवणे व मुदतीचा अर्थ सोयीने लावणे यांतून.

किमान उपकरण यादी

कोणते उपकरण बंद असताना उड्डाण करता येईल हे 'किमान उपकरण यादी'त, वैमानिकांच्या बोलीत 'एमईएल'मध्ये, दिलेले असते. विमानाच्या प्रकारासाठी मान्य झालेल्या मूळ यादीवरून प्रत्येक विमान कंपनी स्वतःची यादी तयार करते. ती मूळ यादीपेक्षा कडक असू शकते, सैल असू शकत नाही. दोषांचे चार वर्ग असतात. 'अ' वर्गाची मुदत यादीत त्या त्या उपकरणापुढे लिहिलेली असते. 'ब' वर्गासाठी ३, 'क'साठी १० व 'ड'साठी १२० दिवस मिळतात. नोंदीचा दिवस त्यात धरत नाहीत.

बरीचशी परवानगी सशर्त असते. पावसाची शक्यता नसल्यास काचेवरील वायपर बंद असलेले विमान नेता येते. वादळी ढगांचा अंदाज नसल्यास हवामान रडारशिवायही जाता येते. म्हणजे जे विमान जानेवारीत नियमात बसते तेच जुलैत बसेलच असे नाही. जमिनीवर वीज व थंड हवा पुरविणारे शेपटीतील लहान इंजिन बंद असले तरी उड्डाणाला सहसा बाधा येत नाही. मात्र मे महिन्यात नागपूरच्या तळावर थांबलेल्या विमानातील प्रवाशांना त्याची किंमत लगेच कळते.

वैमानिकाची जबाबदारी

दोष तांत्रिक नोंदवहीत लिहिला जातो. परवानाधारक अभियंता तो दूर करतो किंवा यादीतील कलमाचा उल्लेख करून पुढे ढकलतो व सही करतो. त्यानंतर मुख्य वैमानिक विमान स्वीकारतो. यादी ही परवानगी आहे, सक्ती नव्हे. यादीत बसणारे विमानही मुख्य वैमानिक नाकारू शकतो. स्वतंत्रपणे क्षम्य असलेले दोन दोष एकत्र आल्यास काय होईल, याचे उत्तर प्रत्येक वेळी यादीत सापडत नाही. तेथे त्याचाच निर्णय अखेरचा असतो. विलंब, खोळंबलेले प्रवासी व सुट्या भागांचा तुटवडा यांचे दडपण याच क्षणी येते. परतीच्या ठिकाणी दुरुस्ती सोपी असल्याने तोवर नोंदच न करता तोंडी सांगण्याचा मोह हा यातील सर्वांत घातक प्रकार मानावा लागेल, कारण न लिहिलेल्या दोषाला मुदतही नसते आणि पुढच्या वैमानिकाला तो दिसतही नाही.

उल्लेखनीय अपघात

२८ डिसेंबर २०१४ रोजी एअरएशियाचे ८५०१ क्रमांकाचे विमान जावा समुद्रात कोसळून १६२ जण मृत्युमुखी पडले. त्याच्या सुकाणूची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेतील जोडाला तडा होता व आधीच्या १२ महिन्यांत तोच दोष २३ वेळा नोंदला गेला होता. प्रत्येक नोंद रीतसर मिटविली गेली. दोष मात्र राहिला. अर्थात अपघाताला त्या दोषानंतर वैमानिकांनी केलेली हाताळणीही कारणीभूत ठरली.

माद्रिद येथे २० ऑगस्ट २००८ रोजी स्पॅनएअरच्या विमानातील तापमान-संवेदकाच्या तापकाचा विद्युतपुरवठा यादीच्या आधारे खंडित करून विमान सोडण्यात आले. पंखांच्या झडपा न उघडताच ते उडाले आणि त्याबाबतचा धोक्याचा इशारा वाजलाच नाही. १५४ जण दगावले. दोन्ही बिघाडांचे मूळ एकच असण्याची शक्यता तपासात मांडली गेली, पण ती सिद्ध झाली नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात पडलेल्या लायन एअर ६१० या विमानात १८९ बळी गेले. त्याच्या आदल्या फेरीत मुख्य वैमानिकाचा नियंत्रण-दांडा इशाऱ्यादाखल सतत थरथरत होता. त्या वैमानिकांनी इतर दोष लिहिले, हा मात्र लिहिला नाही.

भारतात ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान भर पावसात धावपट्टीपलीकडे जाऊन २१ जणांचा मृत्यू झाला. त्यात नागपूरशी कौटुंबिक नाते असलेले मुख्य वैमानिक दीपक साठे व सहवैमानिक अखिलेश कुमार यांचाही समावेश होता. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी मुख्य वैमानिकाच्या बाजूचा वायपर सुमारे २७ सेकंद चालून बंद पडला व दुसऱ्या वेळी तो निवडलेल्या वेगापेक्षा मंद चालला, असे तपास अहवालात नमूद आहे. संभाव्य कारण म्हणून मात्र अहवालाने अस्थिर अवतरण चालू ठेवणे व विमान धावपट्टीवर बरेच पुढे टेकविणे यांकडे बोट दाखविले.

भारतातील नियामक कारवाई

जुलै २०२२ मध्ये डीजीसीएने स्पाइसजेटला पाठविलेल्या नोटिशीत, पुरवठादारांना नियमित पैसे न मिळाल्याने सुट्या भागांचा तुटवडा होतो व किमान उपकरण यादीचा वारंवार आधार घेतला जातो, असे म्हटले होते. त्यानंतरच्या आकस्मिक तपासण्यांत मोठे उल्लंघन आढळले नाही, तरी १० विमाने दोष दूर केल्यावरच वापरण्याचा आदेश निघाला. जुलैअखेर कंपनीची उड्डाणे आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणली गेली. त्याच महिन्यात सर्वच कंपन्यांना, विमान सोडताना ब-१ किंवा ब-२ परवाना असलेल्या अभियंत्याचीच सही असावी, असे बजावण्यात आले. जून २०२५ मध्ये दिल्ली व मुंबई विमानतळांवरील पाहणीत नोंदविलेले दोष पुन्हापुन्हा उद्भवत असल्याचे आणि विमानाच्या यंत्रणेने दाखविलेले काही दोष नोंदवहीत नसल्याचे डीजीसीएला आढळले.

भंडारा व परिसर

भंडारा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. जिल्हा मुख्यालयापासून सुमारे ६० किमीवरील नागपूरच्या मिहान प्रकल्पात बोईंगने उभारलेले विमान देखभाल केंद्र असून तेथे मोठ्या तपासण्या होतात. लांबणीवर पडलेली कामे निकालात काढण्याची संधी प्रामुख्याने अशाच तपासण्यांत मिळते. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग असलेल्या गोंदियातील बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून करावयाची पाहणी व नोंदवहीचे वाचन हे वैमानिक प्रशिक्षणाचे सुरुवातीचे धडे असतात.