५१२ आकड्यांचा जप

रंगमंचावरचा दिवा किती उजळावा हे आज लॅपटॉपवर ठरते आणि तो हुकूम नेटवर्कच्या केबलमधून दिव्यापर्यंत जातो. या सोयीमागे शंभराहून अधिक वर्षांची एकच खटपट आहे: दिव्याला लागणारा प्रवाह वेगळा काढायचा आणि दिव्याला द्यायचा हुकूम वेगळा.

१८८१ मध्ये लंडनचे सॅव्हॉय थिएटर विजेवर उजळले. संशोधक जोसेफ स्वान यांचे सुमारे १,२०० दिवे तिथे लागले होते. लोकांना आगीची धास्ती होती, म्हणून मालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी मंचावर येऊन पेटता दिवा मलमलीत गुंडाळून फोडला आणि न जळालेले कापड प्रेक्षकांना दाखवले. विजेची भीती गेली, पण प्रकाश कमीजास्त करायला अवजड रोधक लागत. दिव्याचा सगळा प्रवाह त्या रोधकातून वाहत असल्याने त्याचे दांडे ओढणारा माणूसही तिथेच, बहुधा विंगेत, अडकून पडे. प्रेक्षकांना काय दिसते आहे, ते नेमके त्यालाच दिसत नसे.

त्या माणसाला तिथून सोडवण्याचे प्रयत्न अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना झाले. १९३५ मध्ये लंडनच्या फ्रेड बेंथम यांनी चक्क ऑर्गन वाद्याचे कन्सोल घेतले आणि त्याच्या पट्ट्यांवरून दूरचे डिमर, म्हणजे प्रकाश कमीजास्त करणारी उपकरणे, चालवले. १९४७ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या जॉर्ज आयझेनॉर यांनी थायरेट्रॉन नळ्यांचा डिमर बनवला. त्यात अगदी छोटा विद्युतदाब मोठ्या प्रवाहाला ताब्यात ठेवी. पुढे नळ्यांची जागा थायरिस्टरने घेतली आणि ऑपरेटर प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला जाऊन बसला. १९७५ मध्ये ‘अ कोरस लाइन’ या संगीतिकेसाठी प्रकाशयोजनाकार थॅरॉन मसर यांनी ब्रॉडवेवर संगणकीय लाइटबोर्ड आणला. दृश्यांची आकडेवारी आता माणसाऐवजी यंत्राच्या स्मरणात राहू लागली.

तरी प्रत्येक डिमरला बोर्डापासून स्वतंत्र तार जाई, शून्य ते दहा व्होल्ट वाहणारी. शंभर डिमर म्हटले की शंभर तारा. तारा वाचवायला कंपन्यांनी एकाच केबलमधून आकडे पाठवण्याच्या पद्धती काढल्या, पण ज्याची त्याची पद्धत निराळी. एकाचा बोर्ड आणि दुसऱ्याचे डिमर हा जोडा जमेना. अखेर १९८६ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट फॉर थिएटर टेक्नॉलॉजी’ या संस्थेच्या पुढाकाराने एक सामाईक पद्धत ठरली: डीएमएक्स ५१२.

तिची रचना मुद्दामच साधी आहे. एका केबलवरून ओळीने ५१२ आकडे जातात, प्रत्येक ० ते २५५ मधला. दिव्याला एक पत्ता दिलेला असतो. पत्ता ४१ असेल, तर त्याने ४१ व्या जागेचा आकडा उचलायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. एका आकड्याला ४४ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सगळी ओळ सेकंदात सुमारे ४४ वेळा म्हणून होते. बोर्डाला कुणी हात लावला नाही तरी हा जप अखंड चालू असतो. दिवा पोच देत नाही आणि बोर्डही ती मागत नाही. एखादी फेरी बिघडली तर पुढची पंचवीस मिलिसेकंदांच्या आत हजर असते. आपण समोर बसून काही हरवले असे म्हणूही शकत नाही.

मग दिवेच बदलले. मान वळवणाऱ्या, रंग पालटणाऱ्या एकाच दिव्याला वीस-तीस आकडे लागू लागले. तीन रंगांच्या एलईडी ठिपक्यांची भिंत उभारली, तर ५१२ आकडे अवघ्या १७० ठिपक्यांत संपतात. अशा पाचशे बारांच्या संचाला ‘युनिव्हर्स’ म्हणतात, आणि मोठ्या कार्यक्रमाला असे संच डझनांनी लागायला लागले. तारांचे जंगल पुन्हा उगवले.

वाट कार्यालयांमधल्या संगणकांच्या नेटवर्कने दाखवली. १९९८ मध्ये लंडनच्या ‘आर्टिस्टिक लायसन्स’ कंपनीच्या वेन हॉवेल यांनी डीएमएक्सचे आकडे इथरनेटच्या पाकिटात घालणारी ‘आर्ट-नेट’ पद्धत जाहीर केली आणि ती इतरांना मोफत वापरू दिली. एका केबलमधून अनेक युनिव्हर्स जाऊ लागली. पाकिटे पाठवायला यूडीपी ही नेटवर्क-पद्धत निवडली, जिच्यात हरवलेले पाकीट पुन्हा मागवले जात नाही. फाइल पाठवताना हा दोष ठरेल, दिव्यांसाठी हाच गुण आहे. ब्लॅकआउट झाल्यावर मागचा प्रकाशाचा हुकूम उशिरा पोचण्यापेक्षा तो हरवलेला बरा.

पहिल्या आर्ट-नेटची पाकिटे मात्र नेटवर्कवरच्या सगळ्यांनाच जात, आणि मोठ्या व्यवस्थेत कोंडी होई. पुढच्या आवृत्तीत ती ज्याची त्याला जाऊ लागली. २००६ मध्ये अमेरिकेत ‘एसीएन’ नावाची फार विचारपूर्वक बांधलेली, सर्वगुणसंपन्न पद्धत प्रमाण ठरली. ती इतकी गुंतागुंतीची निघाली की थोड्यांनीच पुरती स्वीकारली. तिच्यातून छाटून काढलेली ‘एसएसीएन’ २००९ मध्ये आली आणि जगभर पसरली. तीही मुळात तोच जुना जप करते. फरक इतका की हवे ते युनिव्हर्स मागणाऱ्यालाच मिळते, आणि दोन बोर्ड एकदम बोलले तर ज्याचा अग्रक्रम वरचा, त्याचे दिवे ऐकतात. या क्षेत्रात हुशार पद्धत हरली आणि साधी, सर्वांना खुली पद्धत टिकली.

त्या साधेपणाची किंमतही आहे. चूक तपासण्याची सक्ती नसल्याने आतषबाजीसारख्या धोक्याच्या कामाला डीएमएक्स वापरू नये, असे त्याचे मानकच बजावते. नेटवर्कवरच्या पाकिटांनाही ओळख विचारली जात नाही. आत शिरलेला कुणीही दिवे विझवू शकतो.

एकांकिका करणाऱ्या मुलांना या कुळकथेचा थेट उपयोग आहे. क्यूएलसी प्लससारखे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालते आणि आर्ट-नेट, एसएसीएन दोन्ही बोलते. जोडीला नेटवर्कचे डीएमएक्स करणारा एक छोटा नोड घ्या आणि शिका. फक्त दिव्यांचे नेटवर्क वेगळे ठेवा. प्रेक्षकांच्या वायफायला ते कधीही जोडू नका.