फोर्ट स्टिकीन: धुरापासून स्फोटापर्यंतचे दोन तास

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुपारी दोनच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या मालवाहू जहाजाच्या दोन क्रमांकाच्या कप्प्यात आग लागल्याचे लक्षात आले. जहाज फुटले ते चार वाजून सहा मिनिटांनी. या दुर्घटनेविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा स्फोटानंतरचे असते: छपरांवर कोसळलेल्या सोन्याच्या विटा, धक्क्यावर फेकले गेलेले जहाज, जळणाऱ्या वखारी. हा धागा मुख्यतः त्याआधीच्या दोन तासांविषयी आहे. स्फोटके हाताळण्यातला खरा धोका कुठे असतो, हे त्या दोन तासांत जितके स्पष्ट दिसते तितके नंतरच्या विध्वंसात दिसत नाही.

प्रथम स्फोटकांविषयी थोडेसे. शिवकालीन तोफांतली काळी दारू पेटते आणि वेगाने जळते. ज्वाला एका कणाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते. उच्च स्फोटकाची जात निराळी. त्यात आघाताची लाट ध्वनीहूनही अधिक वेगाने पदार्थातून आरपार जाते. टीएनटीमध्ये हा वेग सेकंदाला सुमारे सात किलोमीटर असतो. १८४७ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञ आस्कानिओ सोब्रेरो याने नायट्रोग्लिसरीन तयार केले, तेव्हा साध्या धक्क्यानेही ते फुटते हे पाहून तो स्वतःच धास्तावला होता. १८६४ मध्ये स्टॉकहोमजवळ आल्फ्रेड नोबेलच्या कार्यशाळेत झालेल्या स्फोटात त्याचा धाकटा भाऊ एमिल मारला गेला. तीन वर्षांनी नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले. सच्छिद्र मातीत नायट्रोग्लिसरीन मुरवून त्याला आवर घालण्याची ती युक्ती होती.

टीएनटी तर त्याहून सोशिक. १८६३ मध्ये युलिउस विलब्रांड याने ते तयार केले आणि आरंभी त्याकडे पिवळा रंग म्हणूनच पाहिले गेले. ते सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून पातळ करून तोफगोळ्यांत ओतता येते. उघड्यावर थोडेसे पेटले तर ते सहसा काळा धूर सोडत जळून जाते. परंतु हीच स्फोटके शेकडो टनांच्या राशीत, लोखंडी भिंतींत बंद असली आणि खालून तापत राहिली, तर जळण्याचे रूपांतर केव्हा स्फोटात होईल हे कोणीही सांगू शकत नाही. स्फोटकांच्या बाबतीत म्हणूनच त्यांच्या स्वभावाइतकेच त्यांच्या शेजाराला महत्त्व असते.

फोर्ट स्टिकीनवर हा शेजार कसा जमला?

१९४२ मध्ये कॅनडात बांधलेले हे जहाज सात हजार टनांहून थोडे मोठे होते. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. त्यावर सुमारे १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा होता: पाणतीर, पाणसुरुंग, तोफगोळे. त्यांपैकी २३८ टन माल ‘अ’ वर्गातला, म्हणजे सर्वांत संवेदनशील. शिवाय सुटी करून पेटाऱ्यांत भरलेली स्पिटफायर विमाने आणि सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या. इथपर्यंत माल धोक्याचा असला तरी तो कोणत्या जातीचा आहे हे ठाऊक होते. जहाज कराचीला लागले, तिथे काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ आणि माशांचे खत भरण्यात आले. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ या भरणीवर खूश नव्हता. पण युद्ध चालू होते, जहाजांची टंचाई होती आणि रिकामी जागा घेऊन निघणे कोणाला परवडणारे नव्हते.

कापूस दिसायला निरुपद्रवी. दाबून बांधलेल्या गाठीच्या आत मात्र हवा अडकलेली असते. एखादी ठिणगी आत शिरली की गाठ बाहेरून शाबूत दिसते आणि आतून तासन् तास धुमसत राहते. दोन क्रमांकाच्या कप्प्यात या गाठी खाली होत्या आणि त्यांच्या वर स्फोटके. चुलीवर भांडे ठेवावे तशी ही रचना.

१२ एप्रिलला जहाज मुंबईत आले. युद्धापूर्वीच्या शिरस्त्यानुसार स्फोटकांनी भरलेल्या जहाजाला गोदीत प्रवेश नसे. खाडीतच नांगर टाकून पडावांतून माल उतरवला जाई. युद्धकाळाच्या घाईत हा शिरस्ता सैल झाला होता. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही फोर्ट स्टिकीनवर नव्हता. त्यामुळे शेजारच्या जहाजांवरील खलाशांना आणि धक्क्यावर घाम गाळणाऱ्या गोदी कामगारांना आपण कशाच्या सावलीत उभे आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. धक्क्याला लागून दोन दिवस झाले तरी स्फोटके जहाजातच होती.

आता ते दोन तास. आग दिसताच पाण्याचा मारा सुरू झाला. बंब आले, पाठोपाठ आग विझवणाऱ्या बोटी आल्या. दाट धुरामुळे आगीचे मूळच सापडेना. कप्प्यात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. ते आत उकळू लागले. आणि इथेच या घटनेतला सर्वांत क्रूर भाग आहे. कापूस पाण्यावर तरंगतो. कप्प्यात पाणी चढत गेले तशा जळत्या गाठीही वर चढत गेल्या, थेट स्फोटकांच्या दिशेने. जवान जीव तोडून जे करत होते, तेच आगीला हवे होते.

धक्क्यावर या काळात खल चालू होता. जहाजावर काय आहे हे कळल्यावर लष्कराच्या दारूगोळा विभागाचे कॅप्टन ओबर्स्ट यांनी ते तिथेच बुडवण्याचा सल्ला दिला. पण गोदीतले पाणी इतके उथळ की जहाज तळाला टेकले तरी वरचा भाग बाहेरच राहिला असता. दुसरा पर्याय ते ओढून खुल्या समुद्रात नेण्याचा. त्यालाही वेळ हवा होता आणि वाटेत स्फोट झाला तर काय, हा प्रश्न होता. तिसरा पर्याय पाणी मारत राहण्याचा. कप्तान जहाजाला जबाबदार, गोदीचे व्यवस्थापन गोदीला, अग्निशमन दल आगीला, लष्कर मालाला. या सर्वांना ओलांडून शेवटचा शब्द कोणी उच्चारायचा, हे ठरलेले नव्हते. निर्णय झाला नाही, म्हणून तिसरा पर्याय आपोआप चालू राहिला. कोणा एकाला खलनायक ठरवण्याचा मोह येथे टाळलेला बरा. प्रत्येकाकडे आपापल्या परीने रास्त कारण होते.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. सोळा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकांवर हादरा उमटला, आणि दूरच्या सिमल्यातही त्याची नोंद झाली. ‘जलपद्म’ या जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन धक्क्यावर आदळला. चार वाजून चौतीस मिनिटांनी दुसरा स्फोट झाला आणि पहिल्यानंतर मदतीला धावलेले त्यात सापडले. पेटत्या गाठी वखारींवर, जहाजांवर आणि गोदीबाहेरच्या झोपड्यांवर बरसल्या. कप्तान नेस्मिथ मारला गेला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स बचावले.

जपानने हल्ला केला, अशी अनेकांची पहिली समजूत झाली. सरकारने बातमीवर बंदी घातली. विलक्षण गोष्ट अशी की जगाला या स्फोटाचा तपशील प्रथम कळला तो जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओवरून, दुसऱ्याच दिवशी. मुंबईतील वार्ताहरांना वृत्त पाठवण्याची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात.

मृतांचा आकडा सातशे-आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळा दिला जातो. सोन्याचा हिशेब मात्र वीटवार ठेवला गेला आणि बहुतेक विटा परतही मिळाल्या. यात आश्चर्य नाही: विटांवर क्रमांक असतात, रोजंदारीवरच्या हमालाची नोंद कोणत्या वहीत असते? सुमारे पन्नास हजार लोकांचा रोजगार बुडाल्याचेही सांगितले जाते.

चौकशीत घातपाताचा पुरावा मिळाला नाही. आगीचे मूळ बहुधा कापसात होते, एखाद्या विडी-सिगारेटच्या थोटकाने ती लागली असावी, असा निष्कर्ष निघाला. स्फोटकांखाली कापूस ठेवणे, लाल बावटा न लावणे, स्फोटके उतरवण्यात दिरंगाई, अग्निशमन दलाला उशिरा वर्दी देणे आणि आग कोंडण्यासाठी कप्प्यात वाफ न सोडणे, या चुकांवर चौकशीने बोट ठेवले.

यांतला वाफेचा मुद्दा नीट पाहण्यासारखा आहे. कप्पा बंद करून वाफ सोडली की आगीला हवा मिळत नाही. तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेत टेक्सस सिटीच्या बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ या जहाजाला आग लागली, तेव्हा कप्तानाने हेच केले. पाण्याने माल खराब होईल म्हणून झाकणे लावून आत वाफ सोडली. पण तो माल अमोनियम नायट्रेट होता. त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो, बाहेरच्या हवेची त्याला गरज नाही. वाफेने तो केवळ अधिक तापला. सुमारे तासाभरात जहाज फुटले. ५८१ जणांचे प्राण गेले; गावच्या अग्निशमन दलातल्या २८ स्वयंसेवकांपैकी २७ जण त्यांत होते. जो उपाय मुंबईत करायला हवा होता तोच टेक्सस सिटीत घातक ठरला. कप्प्यात नेमके काय आहे आणि ते कशाने भडकते, हे आग विझवणाऱ्याला ठाऊक असणे याचा अर्थ हा असा होता.

मुंबईची आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. त्यानंतर सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबली. गोद्यांतून जवळपास पाच लाख टन राडारोडा उपसून त्यांनी बंदर पुन्हा चालू केले. १४ एप्रिल हा दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मृत जवानांचे स्मारक भायखळ्याला, अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे.