मिशनरी : नाम आणि विशेषण

मराठीत 'मिशनरी' हे नाम एका वाटेनं गेलं आणि विशेषण दुसऱ्या. नाम उच्चारलं की काहींच्या कपाळाला अजून आठी पडते, मागोमाग धर्मांतराचा विषय येतो. विशेषण मात्र निखळ कौतुकाचं. आडगावी जन्म घालवलेल्या मास्तरांच्या निरोप समारंभात वक्ता हमखास म्हणतो, 'सरांनी मिशनरी वृत्तीनं काम केलं.' ते सर बहुधा चर्चची पायरीही न चढलेले असतात.

मुळाशी लॅटिन 'मित्तेरे', म्हणजे धाडणे. धाडला गेला तो मिशनरी. मग धाडणारा कोण, हा प्रश्न नामाला चिकटून राहिला, विशेषणातून मात्र गळून पडला. त्याआधी मराठीकडे पोर्तुगिजांकडून आलेला 'पाद्री' होता, म्हणजे शब्दशः बाप. 'इस्पितळ'ही त्याच गलबतातून उतरलं आणि त्याच्या तळाशी लॅटिनमधला पाहुणा आहे. विदर्भात तर 'मिशन' ही जागाच झाली. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. पुढे मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना हे बोलण्यातले पत्ते झाले.

या विशेषणाचा कस पाहायचा तर वर्ध्याला जावं. गांधीजींनी १९४१ साली लिहिलेल्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत १९४५ च्या सुधारित आवृत्तीवेळी कुष्ठरुग्णांचं कलम घातलं. त्यात त्यांनी या रुग्णांच्या सेवेचं श्रेय मोकळेपणानं मिशनऱ्यांना दिलं, आणि निव्वळ प्रेमापोटी एका भारतीयानं चालवलेली संस्था म्हणून एकच नाव घेतलं, वर्ध्याजवळच्या मनोहर दिवाणांचं. विनोबांच्या प्रेरणेनं दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला हे काम सुरू केलं होतं. त्याच कलमात गांधीजी थोडी शब्दचर्चाही करतात: इंग्रजीतल्या 'लेपर' या शब्दालाच दुर्गंधी आहे, अशी त्यांची तक्रार.

आपल्या 'महारोगी'चा वास काही फार वेगळा नव्हता. गंमत अशी की 'महा' हा मान पूर्वी एकट्या कुष्ठाचा नव्हता. सुश्रुतानं आठ महाव्याधी मोजले, त्यांत प्रमेह होता, मुतखडा होता, मूळव्याधसुद्धा होती. मराठीनं बाकीच्या सातांना सोडून दिलं आणि 'महारोग' ही पदवी एकाच्याच गळ्यात बांधली. 'कुष्ठ'ची कथा आणखी वाकडी. प्राकृतातून झिजत हिंदीत त्याचं 'कोढ़' झालं आणि अर्थ कुष्ठरोगच राहिला. मराठीत 'कोड' झालं आणि ते अंगावरच्या पांढऱ्या डागांना लागलं. हे डाग ना दुखतात, ना कुणाला लागण करतात. तरी लग्न जुळवताना कोडाला जी वागणूक मिळते, तिच्यात या जुन्या नात्याचाही हात असावा असं मला वाटतं.

वेलस्ली बेली यांनी १८७४ साली काढलेल्या 'मिशन टू लेपर्स' या ख्रिस्ती संस्थेनं १९६० च्या दशकात नावातला 'लेपर' काढला आणि ती 'लेप्रसी मिशन' झाली. अचलपूरकडच्या कोठाऱ्याचा दवाखाना तिचाच. दत्तपूरच्या महारोगी सेवा समितीनं मात्र नाव तसंच ठेवलं. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारलं, त्या संस्थेचंही नाव महारोगी सेवा समितीच. मला याचं वाईट वाटत नाही. त्या नावांमध्ये 'महारोगी'च्या पाठीला पाठ लावून 'सेवा' उभी आहे.

'सेवा'चा धातू 'सेव्'. जवळ राहणं, आश्रय घेणं, उपभोगणं, असा त्याच्या अर्थाचा पसारा. औषधाचं सेवन आणि रुग्णाची सेवा ही सख्खी भावंडं. पण तिचा जोडीदार शब्द जास्त मोलाचा: शुश्रूषा. (मुद्रितशोधकांची कायमची डोकेदुखी, 'श्रू' दीर्घच.) 'श्रु' म्हणजे ऐकणे, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायला उत्सुक असलेला शिष्य शुश्रूषू. गुरूजवळ राहायचं म्हणजे पडेल ते काम करायचं, पाय चेपायचे, आणि असं करत करत तो शब्द रुग्णाच्या खाटेशी येऊन थांबला.

सेवाग्रामात एका माणसाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र आले. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबतीचे. कुष्ठानं ग्रासलेले ते १९३९ च्या सुमारास आश्रमात आले. गांधीजी स्वतः त्यांना मालीश करत, आणि शास्त्रीबुवा आश्रमीयांना संस्कृत शिकवत. ज्यांच्याकडून ऐकायचं, त्यांचेच व्रण पुसायचे. पुढे ते दत्तपूरला गेले आणि १९४५ साली तिथेच वारले.

दिवाण ख्रिस्ती नव्हते, तरी विशेषण त्यांना शोभतं. जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पांचं उलट. ते तंजावरचे ख्रिस्ती, लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा ते वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन बसले. त्यांना कुठल्या चर्चनं धाडलं नव्हतं. उलट १९३० साली, अहिंसेच्या लढ्यात चर्च गप्प का, असं त्यांनीच बिशपला विचारलं होतं. तुरुंगात त्यांनी येशूवर पुस्तक लिहिलं, ते १९४५ साली निघालं: 'प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस'. शीर्षकात आचरण आधी, उपदेश मागाहून.

आचरणाला मराठीत वेगळा शब्द शोधावा लागत नाही. दारावरचा याचक 'धर्म करा माय' म्हणतो, तेव्हा तो भाकरी मागत असतो, प्रवचन नव्हे. धर्म ही आपल्याकडे करायची आणि वाढायची गोष्ट. धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना, दानधर्म, सगळीकडे तोच अर्थ. पण कुमारप्पांना हा अर्थही अपुरा वाटला असता. मगनवाडीत त्यांनी तेलाची घाणी, हातकागद, मधमाश्या यांचा संसार मांडला. भाकरी वाढण्यापेक्षा ती कमावण्याचं साधन गावातच राहावं, हा त्यांचा हट्ट. त्यांना 'मिशनरी वृत्तीचे' म्हणायला माझी हरकत नाही, पण 'मिशनरी' म्हटलं असतं तर त्यांनी बहुधा पहिला प्रश्न विचारला असता, 'मला पाठवलं कुणी?'