एकत्र वाढलेले: कॉम्फ्री आणि रोमकरांस पत्र 6:5



ख्रिस्ताच्या मरणात आपण त्याच्याशी जोडले गेलो, हे सांगताना पौलाने रोमकरांस पत्र 6:5 मध्ये ‘सिम्फुतोस’ हा ग्रीक शब्द वापरला. त्याचा अर्थ, एकत्र वाढून एकजीव झालेले. त्याच शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिदेस याने जखम सांधणाऱ्या एका वनस्पतीचे नाव ‘सिम्फुतोन’ असे नोंदवले. तिलाच आज कॉम्फ्री म्हणतात.

रुंद, केसाळ पानांची ही वनस्पती मूळची थंड, ओलसर प्रदेशांतली. इंग्लंडमधील एसेक्सचे हेन्री डबलडे (1810–1902) हे क्वेकर पंथाचे विश्वासी होते. टपाल तिकिटांच्या डिंकासाठी त्यांनी 1870 च्या दशकात सेंट पीटर्सबर्गहून तिची रोपे मागवली. डिंक काही जमला नाही. पण आयर्लंडमधील बटाट्याचा दुष्काळ त्यांच्या मनात घर करून होता. भुकेल्यांना उपयोगी पडेल या आशेने त्यांनी आयुष्यभर हे पीक जोपासले. पुढे 1950 च्या दशकात लॉरेन्स हिल्स यांनी बॉकिंग गावी हे काम पुढे नेले. ‘बॉकिंग 14’ हा वाण तिथलाच. तो बियांनी पसरत नाही, मुळाच्या तुकड्यापासून लावतात.

आपल्या हुबळीत, कोप्पीकर रोडच्या आसपासच्या अंगणांत आणि गच्च्यांवर, एप्रिल-मे महिन्यांचे ऊन तिला सोसवत नाही. म्हणून आपण मूळ पावसाच्या सुरुवातीला लावावे. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडावी, बुंध्याशी पालापाचोळा पसरावा आणि माती ओली ठेवावी. पाने करपली तरी मूळ उपटू नये. ते जिवंत असेल तर पुन्हा फुटते. कापलेली पाने खतासाठी उत्तम.

मात्र एक इशारा. तिचा काढा किंवा भाजी कोणीही घेऊ नये. तिच्यातील द्रव्यांनी यकृताला इजा होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2001 मध्ये पोटात घ्यायची तिची उत्पादने बाजारातून काढून घेण्यास उत्पादकांना सांगितले. उघड्या जखमेवरही ती लावू नये. जुने नाव कितीही मोठे असले तरी आजाऱ्याला आपण डॉक्टरांकडेच न्यावे. शेजाऱ्यावरील प्रीतीत सत्य सांगणेही येते.

सांधण्याचे नाव वनस्पतीला मिळाले. आपल्याला सांधणारा ख्रिस्त आहे. त्याच वचनात पौल मरणापाशी थांबत नाही, पुनरुत्थानाची आशाही देतो. घरातल्या दुःखाने, आजाराने, बेकारीने आपल्यापैकी कोणी करपले असेल, तर मंडळीने त्याला गेलेला समजू नये. सावली द्यावी, पाणी घालावे, वाट पाहावी.

हे प्रभो, आम्हांला तुझ्यात आणि एकमेकांत जोडून वाढव. आमेन.